हवाईसुंदरीचे वय

'एअर होस्टेस' या शब्दासाठी मराठी वर्तमानपत्रांनी 'हवाईसुंदरी' हा प्रतिशब्द कधी आणि का निवडला, याचा शोध कोशकारांनी घ्यावा. आम्हांला इथे कर्तव्य आहे ते त्या शब्दातल्या दुसऱ्या पदाशी. प्रवाशांना जागेवर बसवणे, पट्टे बांधायला लावणे, जेवण देणे, कुणी आजारी पडले तर त्याची शुश्रूषा करणे आणि प्रसंग ओढवलाच तर धुराने भरलेले विमान मिनिटा-दीड मिनिटात रिकामे करणे ही ज्या नोकरीची कामे, तिचे नावच मराठीने रूपावरून ठेवले. शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका या शब्दांत काम दिसते. हवाईसुंदरी या शब्दात काम कुठेच नाही. आहे ती जागा आणि आहे ते रूप. आणि रूप हीच एकदा नोकरीची पात्रता ठरली की त्या नोकरीला मुदत आलीच.

या मुदतीचा न्यायालयीन इतिहास इथे मांडावा असे आम्ही योजले आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे कामगार कायद्याचा विषय ठेवताना आधी क्षमायाचना करण्याची एक रीत आहे. ती आम्ही पाळत नाही. न्यायनिर्णय हीही एक संहिताच असते. तिला निवेदक असतो, तिची गृहीतके असतात, आणि तिच्यातल्या एखाद्या अव्ययाच्या वाचनावरून खऱ्या माणसांच्या आयुष्यातली दहा-वीस वर्षे इकडची तिकडे होतात. 'एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा' हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑगस्ट १९८१ चा निकाल अशा वाचनाला फार योग्य आहे.

कामगाराच्या वयाकडे आपल्याकडच्या कायद्याचे लक्ष प्रथम गेले ते बरोबर शंभर वर्षे आधी, मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांमुळे, आणि तेही खालच्या टोकाकडून. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. १८९१ च्या दुरुस्तीने ही किमान मर्यादा नऊ वर्षांवर गेली. दरम्यान १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन सादर केले त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, वेळेवर पगार होता, अपघातात जायबंदी झालेल्याच्या चरितार्थाची तरतूद होती. कामगाराच्या म्हातारपणाची मागणी मात्र त्यात नव्हती. कोणत्या वयापर्यंत काम करता येईल, हा प्रश्न कितीतरी उशिरा, निवृत्तिवेतन आणि उपदान यांच्या बरोबरीने आला. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक न्यायाधिकरणांपुढे ५५, ५८ की ६० हा वाद वारंवार येऊ लागला. १९६६ च्या ब्रिटिश पेंट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्मान आणि आरोग्य सुधारल्याचे कारण देऊन ६० च्या बाजूने कौल दिला. त्याच सुमारास मुंबईतल्या एका औषध कंपनीचा एक नियम त्याच न्यायालयाने रद्द ठरवला. तिथे वेष्टन विभागातल्या मुलीची नोकरी तिचे लग्न होताच आपोआप संपत असे.

म्हणजे साठीच्या दशकाच्या मध्यावर भारतीय कायद्याला दोन गोष्टी मान्य होत्या. कामगार साठ वर्षांचा होईपर्यंत काम करू शकतो, आणि लग्न झाले म्हणून बाई कामातून जात नाही. एअर इंडियाच्या विमानात मात्र या दोन्ही गोष्टी लागू नव्हत्या.

१९५३ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या या महामंडळाचे मुख्यालय मुंबईत होते. त्याच्या सेवाविनियमांनुसार हवाईसुंदरी आधी तिशीला निवृत्त होई आणि महाव्यवस्थापकांची मर्जी असल्यास पस्तिशीपर्यंत राही. १९६५ च्या खोसला निवाड्यात या नियमाची चर्चा आहे. प्रवासी नाना स्वभावांचे असतात, अवघड प्रसंग येतात, आणि असे प्रसंग तरुण व देखणी हवाईसुंदरी वयस्क स्त्रीपेक्षा अधिक सहजतेने निभावून नेते, असे न्यायाधिकरणाचे म्हणणे. यावर दुमत असूच शकत नाही, अशा सुरात ते लिहिलेले आहे. कोणताही पुरावा नसलेली विधाने बहुधा याच सुरात लिहिली जातात, हे समीक्षेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे तिशीची पस्तिशी झाली. १९८१ मध्ये न्यायालयापुढे जो विनियम होता तो असा : वयाची ३५ वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्यास, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा हवाईसुंदरी निवृत्त होईल. पस्तिशीनंतर एकेका वर्षाची मुदतवाढ ४५ पर्यंत मिळू शके, पण ती द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या इच्छेवर. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना, तीच सेवा देणारा पुरुष कर्मचारी 'असिस्टंट फ्लाइट पर्सर' म्हणवला जाई आणि ५८ व्या वर्षी निवृत्त होई.

इथे पुन्हा शब्दाकडे यावे लागते. 'पर्सर' हा जहाजावरचा जुना शब्द. हिशेब आणि पैशाची थैली सांभाळणारा अधिकारी. 'होस्टेस' म्हणजे यजमानीण. थैलीवाल्याला वय लागू नाही, यजमानणीला आहे. (याच महामंडळाचा मिशाळ महाराजा १९४६ पासून वाकून प्रवाशांचे स्वागत करीत होता. त्याच्या सेवानिवृत्तीचा प्रश्न कधी कुणी काढला नाही.) ही दोन नावे दोन वेगळ्या संवर्गांची नावे झाली, आणि पुढचा सगळा खटला या दोन नावांच्या आधाराने चालला.

मधल्या काळात कायद्याची एक वाट उघडली होती. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी समान मोबदल्याचा अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा अधिनियम झाला. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन, भरतीत भेदभाव नाही, असे त्यात होते. पण त्याच अधिनियमात सरकारला एक मुभाही होती. दोन वेतनांतला फरक लिंगभेदामुळे नसून अन्य कारणाने आहे, असे सरकार अधिसूचनेने जाहीर करू शके. १५ जून १९७९ रोजी केंद्र सरकारने हवाईसुंदरी आणि फ्लाइट पर्सर यांच्याबाबत नेमके तसे जाहीर केले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचे इतके निर्मळ उदाहरण विरळा.

मुंबई उच्च न्यायालयातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतली. न्यायमूर्ती फझल अली, वरदराजन आणि ए. एन. सेन यांच्या खंडपीठाच्या वतीने न्यायमूर्ती फझल अली यांनी निकाल लिहिला. या निकालातला ज्या भागाचा उल्लेख सर्वांत जास्त होतो तो गरोदरपणाविषयीचा. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवणे ही भारतीय स्त्रीत्वाची उघड मानहानी आहे, अशा तीव्र शब्दांत न्यायालयाने ती अट रद्द केली. ही कामगिरी लहान नव्हती आणि आम्ही ती लहान मानत नाही. परंतु निकाल तिथेच मिटून ठेवण्याची सवय बरी नव्हे, कारण त्या संतापाच्या आजूबाजूची पाने वेगळ्याच स्वरात लिहिलेली आहेत. पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाला उचित वाटली. तोपर्यंत मुलगी परिपक्व होते, लग्न यशस्वी होण्याची शक्यता वाढते, शिवाय कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाला हातभार लागतो आणि महामंडळाचा प्रशिक्षणावरचा खर्च वाया जात नाही. पहिल्या गरोदरपणाऐवजी, दोन अपत्ये हयात असताना येणाऱ्या तिसऱ्या गरोदरपणाची अट घालावी, ही महामंडळाच्या वतीने आलेली सूचनाही लोकसंख्येच्या प्रश्नाकडे बोट दाखवून मान्य झाली. निकालाचा निवेदक कधी घटनेचा भाष्यकार असतो, कधी वधूपिता, तर कधी कुटुंबनियोजन खात्याचा अधिकारी. तीन आवाज एकाच परिच्छेदातून फिरतात आणि आपला आवाज बदलला आहे हे निवेदकाच्या ध्यानीही येत नाही.

वयाचे काय झाले? मुदतवाढ देण्या-न देण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा स्वेच्छाधिकार न्यायालयाने मनमानी म्हणून रद्द केला. त्यामुळे परिणामी, शारीरिकदृष्ट्या सक्षम असलेली हवाईसुंदरी ४५ वर्षांपर्यंत काम करू शकेल असे झाले. दहा वर्षे पदरात पडली, आणि ज्यांच्या पडली त्यांना ती मोलाचीच वाटली असणार. पण ४५ आणि ५८ यांतले अंतर तसेच राहिले. त्याचे समर्थन संवर्गाच्या आधारे झाले. हवाईसुंदरींची भरती वेगळ्या रीतीने होते, पात्रता वेगळी, बढतीच्या पायऱ्या वेगळ्या, निवृत्तीचे लाभ वेगळे. तेव्हा तो वेगळा वर्ग आहे, आणि समानतेचा प्रश्न एकाच वर्गातल्या व्यक्तींमध्ये उद्भवतो. या युक्तिवादात जे भेद आधार म्हणून येतात ते सगळे मालकानेच निर्माण केलेले आहेत. वेगळ्या सेवाशर्ती लावल्या म्हणून वर्ग वेगळा, आणि वर्ग वेगळा म्हणून वेगळ्या सेवाशर्ती लावता येतात. विमानात प्रत्यक्ष कोण काय काम करते, हा प्रश्न या वर्तुळाच्या बाहेरच राहतो.

आता त्या अव्ययाकडे. राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करतो. पण त्या यादीच्या आधी 'केवळ' हा शब्द आहे. न्यायालयाने त्यावर बोट ठेवले. भेदभाव केवळ लिंगावरून असेल तर तो निषिद्ध; लिंगाबरोबर इतर विचारही असतील तर नाही. या वाचनाने काय होते ते पाहा. 'तू बाई आहेस म्हणून जा' असे म्हणणे घटनाबाह्य ठरेल, पण 'तू बाई आहेस आणि पस्तिशीची आहेस म्हणून जा' असे म्हटले की दोन कारणे झाली आणि 'केवळ' उरले नाही. व्यवहारात कुठलाच भेदभाव एका शुद्ध कारणावर उभा नसतो. वय, लग्न, रूप, वर्ण, जात यांची त्यात सरमिसळ असतेच. 'केवळ'चा असा अर्थ घेतला तर घटनेने दिलेले संरक्षण प्रयोगशाळेतच तेवढे सापडेल. 'केवळ'चा दुसराही एक अर्थ व्याकरणाला धरून होता : या कारणांखेरीज अन्य सबळ कारण नसताना. एखाद्या शब्दाचा अन्वय लावताना कवितेत आपण जेवढी सावधगिरी बाळगतो तेवढी इथे बाळगली गेली नाही, असे आमचे मत आहे.

वय आणि लिंग ही दोन कारणे एकमेकांच्या आड कशी लपतात याचे दुसरे उदाहरण अमेरिकेत सापडते. तिथल्या अमेरिकन एअरलाइन्सने १९५३ मध्ये विमानसेविकांसाठी ३२ वर्षांची मर्यादा आणली आणि इतर कंपन्यांनीही तसे नियम केले. १९६७ मध्ये अमेरिकेने नोकरीतल्या वयभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. परंतु त्याचे संरक्षण सुरू होई ते चाळिशीपासून. बत्तिसाव्या वर्षी 'म्हातारी' ठरलेली स्त्री त्या कायद्याच्या दृष्टीने अजून तरुण होती! त्यामुळे या बायकांना वयाच्या कायद्याचा उपयोग नव्हता. त्या लढल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या लिंगभेदाच्या कलमाखाली, आणि समान रोजगार संधी आयोगाने १९६८ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आमची मर्यादा वयावर आहे, लिंगावर नाही, असे विमान कंपन्या म्हणत. पण ती मर्यादा पुरुषांना नव्हती. आपल्या न्यायालयाने तेरा वर्षांनंतर दिलेला निकाल याच्या शेजारी ठेवून वाचावा.

पुढची कथा आकड्यांची आहे. १९८९ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तीचे वय ५८ करण्याचा निर्देश दिला. पण उड्डाण ४५ पर्यंत, त्यानंतर जमिनीवरचे काम, अशी त्याची अंमलबजावणी झाली. १९९३ मध्ये उड्डाणाची मर्यादा ५० वर गेली. पुरुष ५८ पर्यंत उडतच होते. उड्डाण थांबले की उड्डाणाचे भत्ते थांबतात, म्हणून जमिनीवर येणे ही नुसती बदली नव्हती. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पन्नाशीची ही मर्यादा भेदभावाची ठरवली. त्यावर अपील झाले, आणि अपिलाच्या शीर्षकात पहिले नाव आहे ते एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशनचे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्याच संघटनेचे. कामगार चळवळीच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी या नावापाशी जरा थांबावे. व्यवस्थापनाशी केलेले करार हे संघटनेचे भांडवल असते, आणि त्या करारांत स्त्रियांचे उड्डाणाचे वय कमी धरलेले होते. सामूहिक सौद्याची शक्ती कोणाच्या वतीने आणि कोणाच्या किमतीवर वापरली जाते, हा प्रश्न चळवळ स्वतःला सहसा विचारत नाही. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचे अपील मान्य केले. अटी कराराने ठरल्या आहेत, संवर्ग वेगळे आहेत, आणि 'केवळ' आहेच.

याच निकालात इंग्लंडमधल्या एका खटल्यातली कसोटी चर्चेला आली होती. जेम्स दांपत्य पोहण्याच्या तलावावर गेले. दोघेही ६१ वर्षांचे. निवृत्तिवेतनाचे वय झालेल्यांना प्रवेश मोफत होता, आणि ते वय स्त्रियांना ६०, पुरुषांना ६५ होते. तेव्हा बाई फुकट गेल्या, नवऱ्याने ७५ पेन्स भरले. १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की हा पुरुष स्त्री असता तर त्याला पैसे भरावे लागले असते का, एवढेच विचारावे. हेतू शोधत बसू नये. ही कसोटी विमानाला लावली तर उत्तर तात्काळ येते. आपल्या न्यायालयाने ती लावण्याचे नाकारले.

एक कल्पना करून पाहू. १९४५ साली जन्मलेली एक मुलगी विसाव्या वर्षी, खोसला निवाड्याच्या वर्षी, नोकरीला लागली. तिची तिशी १९७५ मध्ये आली. १९८० मध्ये ती ३५ ची झाली, निकालाच्या एक वर्ष आधी. मुदतवाढ मिळाली तरच ती निकालापर्यंत टिकली. १९९० मध्ये ती ४५ ची झाली, तेव्हा तिला नुकतेच जमिनीवर उतरवू लागले होते. १९९३ मध्ये मर्यादा ५० झाली तेव्हा ती ४८ ची होती. २००३ मध्ये ती ५८ ची झाली, आणि जुलैतला निकाल तिच्या विरुद्ध गेला. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने स्त्रियांनाही ५८ पर्यंत उडण्याची वाट मोकळी केली. प्रत्येक सुधारणा तिच्या वयाच्या जरा मागून चालत होती.

त्यानंतरचे थोडक्यात. स्त्रियांनाही विमानातल्या पर्यवेक्षकपदाचे काम देण्याचे एअर इंडियाने ठरवले, त्याला पुरुष कर्मचाऱ्यांनी आव्हान दिले, आणि ते आव्हान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळले गेले. २००७ च्या अनुज गर्ग प्रकरणात मद्यालयात स्त्रियांना, तसेच पंचवीस वर्षांखालील पुरुषांना काम करण्यास मनाई करणारे १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातले कलम रद्द झाले, आणि संरक्षणाच्या नावाखाली होणाऱ्या साचेबंद विचाराची न्यायालयाने झडती घेतली. 'केवळ'च्या वाचनाला थेट हात लागला तो २०१८ मध्ये, नवतेज जोहर प्रकरणात. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात नर्गेश मिर्झा प्रकरणातला अन्वय घटनेच्या हेतूला धरून नसल्याचे म्हटले. सदतीस वर्षे गेली.

परंतु यातला प्रत्येक विजय लिंगभेदाच्या दारातून आला आहे, वयाच्या नव्हे. पंधराव्या अनुच्छेदाच्या यादीत वय नाही. समान मोबदला अधिनियमाची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिथेही भेदभावाची मनाई लिंगापुरती आहे. सरकारी नोकरीतल्या कमाल वयाची चर्चा निदान जाहीरपणे होते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ झाली. खासगी मालकाने 'वय ३५ च्या आत' असे छापले तर त्याला अडवणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. आणि आपल्या व्यवसायात हे परके आहे असेही नाही. 'नेट'ची एकच परीक्षा एकाच दिवशी देणाऱ्यांपैकी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीच्या दाराशी वय विचारले जाते, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी विचारले जात नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंना एका संस्थेच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्या प्रबंधावर न येता त्यांच्या जन्मवर्षावर आला होता. दुसरा प्रश्न मुलांच्या वयाचा होता. त्यांनी दोन्हींची उत्तरे दिली. तिसरा प्रश्न आलाच नाही.